नैवेद्याआधीचा थेंब

अंबरनाथ (पूर्व)
११ सप्टेंबर १९८९

तीर्थस्वरूप सौ. कुमुदिनीकाकू यांस,
कृ. सा. न. वि. वि.

शुक्रवारी गौरीजेवणाला तुमच्या घरी जे झालं ते क्रमाने लिहिते आहे. समोरासमोर सांगताना मध्ये प्रश्न येतात आणि क्रम चुकतो.

१. मधूशी साखरपुडा झाल्यानंतर मी पहिल्यांदाच बेलवलीला तुमच्या घरी आले. तुम्ही मला सोवळ्यातली साडी नेसायला दिलीत आणि स्वयंपाकघरात घेतलंत.
२. अळूच्या भाजीचं मोठं पितळी पातेलं शेगडीवरून उतरवून ठेवलं होतं. "जरा हलव, तळाला बसेल," असं तुम्ही म्हणालात.
३. मी भाजी हलवली, डावातला थेंब तळहातावर घेतला आणि चाखला. हे मी विचार करून केलं नाही.
४. भाजी कळकली होती. पातेल्याची कल्हई तळाला उडालेली असावी. भाजीत चिंच होती, आणि आंबटाने पितळ भाजीत उतरतं.
५. नैवेद्य दाखवायचा बाकी होता.
६. मी तुम्हाला दोन्ही गोष्टी सांगितल्या. भाजी कळकली आहे, आणि हे मला ती चाखून कळलं आहे.
७. तोच डाव मी परत पातेल्यात घातला होता आणि तोच हात वरणाच्या झाकणाला लागला होता. त्यामुळे वरणही गेलं.
८. मधूच्या थोरल्या काकू इंदुबाई म्हणाल्या, "सून आणताय की इन्स्पेक्टर?" स्वयंपाक पुन्हा सुरू झाला. बाहेर पाहुणे खोळंबले होते.
९. मी न जेवता निघाले.

यात काही राहिलं असल्यास कळवावं. नैवेद्य उष्टा झाला याबद्दल मला वाईट वाटतं. भाजी कळकली आहे असं सांगितल्याबद्दल वाटत नाही.

आपली,
मीनल


बेलवली, बदलापूर
१६ सप्टेंबर १९८९

चि. मीनल हिला अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मधूच्या बाबांनी मोठ्यांदा वाचून दाखवलं, आणि वाचून झाल्यावर म्हणाले, "ही मुलगी वकील का नाही झाली?" त्यांना गंमत वाटते आहे. त्यांना त्या दिवशी सगळ्यांत उशिरा वाढलं, तरी गंमत वाटते आहे.

तुझ्या यादीत जे नववं आहे ते माझं पहिलं आहे. गौरीच्या दिवशी माझ्या दारातून होणारी सून उपाशी गेली. मी मागे वळून पाहते तर तुझ्या चपला नाहीत. अगं, निदान पाटावर बसायचं तरी. चार घास मीठ लावून खायचे. रागावले होते मी, नाही म्हणत नाही. पण रागावलेलं माणूस काय जेवायला वाढत नाही?

आता एक विचारते. भाजी कळकली होती, मान्य. मी ती नंतर बोटाला लावून पाहिली. कल्हईवाला बेलवलीत फिरकेनासा झालाय आणि ते पातेलं वर्षातून एकदाच माळ्यावरून निघतं. पण तू चाखलंस हे सांगायची काय गरज होती? नुसतं म्हणायचं, काकू, रंग बरा दिसत नाही. भाजी मी तशीच बाजूला काढली असती, वरण वाचलं असतं, नैवेद्य वेळेवर झाला असता. इंदुवहिनींना वर्षभर पुरेल एवढी शिदोरी तू त्यांना एका वाक्यात बांधून दिलीस.

आणि ही चाखायची सवय कुठली? स्थळ सुचवणारे चिंतामणराव आम्हाला म्हणाले होते, मुलगी स्वयंपाकाचं शिकली आहे, परभणीला चार वर्षांचा कोर्स केलाय. मी तेव्हाच ह्यांना म्हटलं, चार वर्षं काय शिकवत असतील? एवढ्यात तर दोन बाळंतपणं होतात. पण स्वयंपाक शिकलेल्या मुलीला नैवेद्याआधी चाखू नये एवढं कोणी शिकवलं नाही?

मधूला मी तुझं पत्र दाखवलं नाही. तो अंबरनाथच्या कंपनीतून उशिरा येतो, त्यात हे कशाला.

पोटात राग ठेवू नकोस.

कुमुदिनीकाकू


अंबरनाथ (पूर्व)
२२ सप्टेंबर १९८९

तीर्थस्वरूप सौ. काकू यांस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुमच्या प्रश्नांची उत्तरं देते.

रंग बरा दिसत नाही असं म्हणता आलं नसतं. कळकल्यावर पदार्थ हिरवट होतो. अळू मुळातच हिरवं असतं.

मी स्वयंपाक शिकलेले नाही. मला वरणभात, पोळ्या, दोन भाज्या येतात, आणि पोळ्या सगळ्या गोल होत नाहीत. माझा विषय अन्नतंत्रज्ञान आहे. पदार्थ का टिकतो, का बिघडतो, किती दिवसांनी बिघडेल, आणि बिघडायला लागला आहे हे इतरांना कळायच्या आत कसं ओळखायचं, हे मी शिकले. उल्हासनगरच्या कारखान्यात लोणची, सरबतं आणि पापड होतात. दुकानात जाणारा प्रत्येक घाण माझ्याकडून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. ("घाण" म्हणजे एका वेळी केलेला माल. वाईट अर्थ घेऊ नये.) मी आम्लता मोजते, ओलावा मोजते, मीठ मोजते. शेवटी चाखते. तेल खवट व्हायला सुरुवात झाली असेल तर ते आमच्याकडच्या कुठल्याही उपकरणाआधी जिभेला कळतं. म्हणून मी कांदा, सुपारी आणि अत्तर वर्ज्य केलं आहे. सर्दी झाली तर रजा घेते.

चाखलेलं मी गिळत नाही. थुंकते आणि कोमट पाण्याने चूळ भरते.

सवय तिथली आहे. भांडं समोर आलं आणि ते लोकांच्या पानात जाणार आहे असं कळलं, की हात आपोआप जातो. तुमच्या घरी ते व्हायला नको होतं. पण एकदा कळल्यावर, कसं कळलं ते लपवून निकाल तेवढा सांगणं मला जमत नाही. मग त्या निकालावर कोणी विश्वास का ठेवावा?

उपाशी जाण्याबद्दल तुम्ही लिहिलंत. मी पाटावर बसले असते तर सगळ्यांनी माझ्या पानाकडे पाहिलं असतं. तुम्ही वाढलं असतं हे मला तेव्हा सुचलं नाही.

आपली,
मीनल


बेलवली, बदलापूर
२८ सप्टेंबर १९८९

चि. मीनल हिला अनेक आशीर्वाद.

परवापासून घट बसतील, नंतर मला लिहायला फुरसत होणार नाही, म्हणून आत्ताच लिहिते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, या वेळी माझं मीच. "घाण" वाचून आधी दचकलेच. इंदुवहिनी शेजारी बसल्या होत्या, बरं झालं त्यांना वाचून दाखवलं नाही.

मला तुझं काम वाईट वाटलं नाही. पण मनात एक आलं ते विचारते, खरं सांग. तू रोज चाखतेस. मग चतुर्थीला? एकादशीला? आणि हरतालिकेला? यंदा हरतालिका रविवारी होती आणि तुमची सुट्टी तर शुक्रवारी असते. साखरपुडा झालेली मुलगी तू. ते व्रत कोणासाठी असतं हे मी तुला सांगायला नको.

तू खरंच सांगशील, म्हणून उत्तर मला आधीच ठाऊक आहे. आणि म्हणूनच रात्री डोळा लागत नाही. मी अडाणी नाही, बाई. मॅट्रिक झाले आहे. थुंकलं म्हणजे उपास मोडला नाही असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पण मधू चार वर्षांचा असताना तापात फणफणला होता, तेव्हा मी सबंध चातुर्मास एकभुक्त राहिले होते. त्या बाईला हे समजावणं कठीण आहे. ती अजून माझ्यात बसलेली आहे.

तेव्हा माझं एवढंच म्हणणं. नोकरी सोड असं मी म्हणत नाही, मधूलाही ते आवडणार नाही. पण लग्नानंतर चाखायचं काम दुसऱ्या कोणाला दे. तू ते मोजायचं, लिहायचं, टेबलावरचं काम घे. तुझ्या शेठना सांग, सासरी चालत नाही. सिंधी माणसं देवाधर्माची असतात, ऐकतील.

दसऱ्यापर्यंत कळव. मग मुहूर्त काढायला बरं.

काकू


अंबरनाथ (पूर्व)
६ ऑक्टोबर १९८९

तीर्थस्वरूप सौ. काकू यांस,
कृ. सा. न. वि. वि.

हरतालिकेला मी तीन नमुने चाखले. दोन लिंबाच्या सरबताचे, एक कैरीच्या लोणच्याचा. त्या दिवशी मी उपास धरला होता. तो मोडला की नाही हे मला ठरवता आलेलं नाही.

चाखण्याचं काम दुसऱ्या कोणाला देता येईल का, हा प्रश्न रास्त आहे. ते करून पाहिलेलं आहे. पापडाच्या विभागातल्या चार जणींना मी चाखायला शिकवलं होतं. चौघी हुशार आहेत. श्रावणात एका सोमवारी मी त्यांच्यासमोर लोणच्याचे नमुने ठेवले. चौघींनी कागदावर "ठीक" लिहिलं. मी नंतर चाखलं तर तेल खवट होतं. मी बकुळाला, म्हणजे त्यांच्यातल्या मोठीला, विचारलं.

ती म्हणाली, "ताई, आज सोमवार न्हाय का? तोंडात कसं घालणार?"

"मग ठीक का लिहिलंत?"

"रोज ठीकच असतंय की. आणि कोरा कागद दिला तर तुम्ही रागावता."

मी रागावले नाही. त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. तो सोमवार मीही धरला असता तर तो माल दुकानात गेला असता, एवढंच माझ्यासमोर आहे. लोणचं बिघडताना वार बघत नाही.

टेबलावरचं काम करणारे कारखान्यात आहेत. मला चाखता येतं. ते मी चार वर्षं शिकले आणि आता तीन वर्षं करते आहे. ते सोडून उरेल ते माझं काम नसेल. लग्नानंतरही मी ते सोडणार नाही.

तुमच्या मनातल्या त्या बाईबद्दल मला आदर आहे. तिला समजवावं असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.

साखरपुड्याची अंगठी आणि साडी परत पोचवायची असल्यास तसं कळवावं. मी स्वतः आणून देईन. मधूला हे मी सांगायचं की तुम्ही, तेही कळवावं.

आपली,
मीनल


बेलवली, बदलापूर
३ नोव्हेंबर १९८९

चि. मीनल हिला अनेक आशीर्वाद.

दसरा गेला, दिवाळी गेली, तुला एक ओळ लिहिली नाही. पाडव्याला मधूबरोबर फराळ पाठवला तो मिळाला असेल. तो परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाली? तर म्हणे, "करंज्या चांगल्या आहेत आणि चिवड्यातलं खोबरं आठ दिवसांत संपवा म्हणाली." मी डबा उघडून वास घेतला. चांगलाच होता. तरी चार दिवसांतच संपवला.

आता खरं सांगते. काल गुरुवारी मी उल्हासनगरला गेले होते. घरी सांगितलं, पडद्याचं कापड आणते. कापडही आणलं, ते खोटं नव्हे. पण आधी रिक्षावाल्याला तुझ्या कारखान्याचं नाव सांगितलं. तुला निरोप द्यायचा नाही असं दारावरच्या माणसाला बजावलं. तो मला सरळ तुमच्या शेठकडेच घेऊन गेला.

चेलारामशेठनी खुर्ची दिली, चहा मागवला, वर पापड भाजून आणवला. मी म्हटलं, मी मीनलच्या होणाऱ्या नवऱ्याची आई. तर उठून उभेच राहिले. मला म्हणतात, "बहनजी, ये लडकी ना बोलती है तो माल रुकता है. मैं चिल्लाता हूँ, बहुत चिल्लाता हूँ. फिर भी रुकता है." मी विचारलं, मग तुम्ही चिडत नाही? "चिडतो ना! पण दुकानदार पैले मालाचा डबा उघडून बघायचा. आता नाही उघडत."

मग त्यांनी मला पलीकडच्या काचेपाशी नेलं. तू आत होतीस. पांढरा कोट, डोक्याला टोपी, केस सगळे आत. आधी मी तुला ओळखलंच नाही, वाटलं कोणी मुलगा आहे. तू चमचा तोंडात घेतलास आणि डोळे मिटलेस. ओठ जरासे हलले. मग वळून थुंकलीस, चूळ भरलीस, आणि लिहिलंस. परत दुसरा चमचा, परत डोळे मिटले. प्रत्येक वेळी.

मला कोणी सांगितलंच नव्हतं की तू आधी देवाचं म्हणतेस. तूही लिहिलं नाहीस. एवढं सगळं क्रमाने लिहितेस आणि हे लिहीत नाहीस!

तुला हाक मारावी असं खूप वाटलं. पण तू कामात होतीस. मी नैवेद्य दाखवत असताना कोणी हाक मारली तर मला चालत नाही. शेठना नमस्कार केला आणि निघाले.

येताना वाटेत विचार करत होते. त्या दिवशी तू आमच्या घरी ना म्हणालीस तेव्हा बावीस माणसं जेवायची होती, त्यांत चार पोरं होती. कोणाचं पोट दुखलं नाही. आणि मी तुला साधं "बस" म्हटलं नाही.

माझी अट मी मागे घेते. आमच्या घरचे उपास मी करते, ते मी करीन, मधूच्या वाट्याचे आधीपासून करतेच आहे. तुझे तुझ्यापाशी. इंदुवहिनींना मी सांगितलं, सूनच आणतेय, इन्स्पेक्टर आहे ते वरकड. त्यांनी तोंड फिरवलं, पण पुढच्या वर्षी त्यांच्याकडे हळदीकुंकवाला लोणचं कुठलं आणावं हेही विचारून घेतलं.

अंगठी परत द्यायची भाषा पुन्हा लिहू नकोस. ते पत्र मी मधूला दाखवलेलं नाही आणि दाखवणार नाही.

गुरुजींनी मार्गशीर्षातला मुहूर्त काढलाय. दहा डिसेंबर, रविवार. तुझ्या आईबाबांना सवडीने पत्र टाकतेच, पण तुला आधी कळवते.

काकू


अंबरनाथ (पूर्व)
८ नोव्हेंबर १९८९

तीर्थरूप सौ. आईस,
शि. सा. न.

पत्र मिळालं. तुम्ही आला होतात हे मला शेठनी त्याच दिवशी सांगितलं. तुम्ही स्वतः लिहाल की नाही हे माहीत नव्हतं, म्हणून मी लिहिलं नाही. तीन दिवस पोस्टमनच्या वेळेला घरी राहता येईल अशी पाळी मी बदलून घेतली होती.

एक दुरुस्ती करायला हवी. डोळे मिटले तेव्हा मी देवाचं काही म्हणत नव्हते. डोळे उघडे असले की लक्ष दिसणाऱ्या गोष्टींकडे जातं आणि चव नीट कळत नाही, म्हणून आम्हाला मिटायला शिकवतात. ओठ हलतात ते मला माहीत नव्हतं. बकुळाला विचारलं, तर म्हणाली, "हलतात की, पहिल्यापासून." मी काय म्हणते ते तिलाही ठाऊक नाही. तुम्हाला जे वाटलं ते वाटून राहिलं तरी माझी हरकत नाही.

आता तुमच्या येण्याने एक गोष्ट झाली आहे, ती तुम्हाला सांगणं भाग आहे.

म्हैसूरला अन्न-संशोधनाच्या संस्थेत तीन महिन्यांचं प्रशिक्षण असतं. चव आणि वास यांचंच. मोठ्या कारखान्यांतली माणसं जातात, आमच्यासारख्यांना क्वचित जागा मिळते. मी उन्हाळ्यात अर्ज लिहून शेठकडे दिला होता. साखरपुडा झाल्यावर त्यांनी तो पुढे पाठवला नाही, कारण लग्न ठरलेली मुलगी टिकत नाही असा त्यांचा अनुभव आहे. गुरुवारी तुम्ही गेल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "तेरी सास खुद देखने आई थी, मतलब घर राजी है." त्याच संध्याकाळी त्यांनी संस्थेला ट्रंककॉल केला. एक जागा रिकामी होती. ती मला मिळाली आहे.

तुम्ही त्यासाठी आला नव्हता हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तो फिर किसलिए आई थी?"

प्रशिक्षण एक डिसेंबरला सुरू होतं आणि फेब्रुवारीअखेर संपतं. मध्ये सुट्टी नाही. दहा डिसेंबरला मी म्हैसूरला असेन. परत आल्यावर कारखान्याची प्रयोगशाळा माझ्याकडे येईल, आणि तुम्ही दिलेली तारीख गेलेली असेल.

मला म्हैसूरला जायचं आहे. मला तुमच्या घरीही यायचं आहे. दोन्ही हवं आहे, असं मी आजपर्यंत कुणालाही लिहिलेलं नाही.

म्हणून विचारते. लग्न वैशाखात करता येईल का? मंडळी काय म्हणतील ते मला माहीत आहे. साखरपुडा होऊन वर्ष होत येईल, मुलगी एकटी तिकडे राहील, इंदुबाईंना पुन्हा विषय मिळेल. ते सगळं तुमच्या दारात येईल, माझ्या नाही. हे मागणं लहान नाही याची मला कल्पना आहे.

मधूला मी अजून सांगितलेलं नाही. त्याला सांगितलं तर तो हो म्हणेल आणि मग तुम्हाला पटवत बसेल. तसं मला नको आहे. आधी तुम्हाला विचारते आहे.

तुम्ही नाही म्हणालात तर मी काय करीन, हे मी ठरवलेलं नाही. एरवी मी ठरवून मगच लिहिते.

संस्थेला होकार गुरुवारी तारेने कळवायचा आहे. तुमचं उत्तर बुधवार, १५ नोव्हेंबरपर्यंत मिळावं.

आपली,
मीनल